शिडाच्या छोट्या होडीसाठी वाऱ्याचा सेन्सर कोणता घ्यावा: कपांचा की अल्ट्रासोनिक?

तुम्ही लिहिलंय की सोळा फुटी शिडाची होडी तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, चालवता, दिवाळीनंतर ट्रेलरवरून कोकणात नेता, आणि दोन्हीकडे चालेल असा सेन्सर हवा आहे. मी साताऱ्याचा. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर देखभालीचं काम करतो. वारा मोजणारी दोन्ही जातींची यंत्रं रोज हाताळतो, म्हणून ठामपणे सांगतो: तुमच्या होडीसाठी अल्ट्रासोनिक घ्या, आणि वायरलेस.

वाऱ्याने फिरणाऱ्या छोट्या वाट्यांवरून, म्हणजे कपांवरून, वेग मोजणारं यंत्र वाईट नाही. पवनचक्कीवर ते एकदा बसवलं की जागचं हलत नाही. तुमची डोलकाठी मात्र दर वेळी खाली येणार, ट्रेलरवर आडवी पडणार (वायरलेस म्हटलं ते यासाठीच: दर वेळी तार सोडा-जोडायला नको). कपांचे दांडे आणि दिशादर्शक पातं आधी वाकतं ते अशा वेळी. त्यात समुद्राचं मीठ बेअरिंगमध्ये बसलं की कप जड फिरतात आणि वारा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. शिवाय शिवसागरावर सकाळी वारा इतका मंद असतो की बेअरिंगचं घर्षण सोडवून कप फिरायला लागेपर्यंत तुमचं शीड कधीच भरलेलं असतं.

अल्ट्रासोनिकमध्ये फिरणारं काही नसतं. त्यात ध्वनी सोडणारे आणि पकडणारे छोटे डोळे असतात; समोरासमोरच्या डोळ्यांमधून ध्वनीचे स्पंद दोन्ही दिशांनी सोडतात. वाऱ्याबरोबर जाणारा स्पंद लवकर पोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. त्या फरकावरून वेग निघतो, आणि दोन जोड्या असल्या की दिशाही. दोन्ही बाजूंनी मोजल्यामुळे हवेच्या तापमानाने आकडा बिघडत नाही. उणीव एकच: डोळ्यांवर पावसाचे थेंब बसले की आकडे भरकटतात. पण जावळीच्या पावसाळ्यात तुम्ही शीड उभारणार नाही, असं धरून चालतो.

विकत घेताना मी सगळ्यात आधी बघेन ते आकडा किती वेळाने बदलतो. कोयनेचं खोरं तिथे दक्षिणोत्तर आहे, दोन्ही अंगांना डोंगर. पश्चिमेचा वारा कड्यावरून उतरतो तो सलग नाही, झोतांनी. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: 10 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वारा 14 झाला की शिडावरचा जोर जवळपास दुप्पट. वायरलेस सेन्सर बॅटरी वाचवायला आकडे सावकाश पाठवत असेल, तर झोत होडीला आडवं करून गेल्यावर तुम्हाला कळेल. सेकंदाला एकदा तरी आकडा यायलाच हवा. सोबत छोटं सौर पॅनेल असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट, जी विकणारे क्वचित सांगतात. सेन्सर मोजतो तो चालत्या होडीला लागणारा वारा, खरा वारा नव्हे. समजा खरा वारा 10 नॉट आहे, बरोबर आडवा, आणि होडी 5 नॉटने चालली आहे. सेन्सर दाखवेल सुमारे 11 नॉट, आणि कोन नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, 90 नव्हे, 63 अंश. शीड लावायला हाच वारा कामाचा. पण शीड कमी करायचं का, वारा वाढतोय का, हे ठरवायला खरा वारा लागतो आणि त्यासाठी डिस्प्लेला होडीचा वेग मिळावा लागतो. शिवसागराच्या स्थिर पाण्यात जीपीएसचा वेग पुरतो. कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीची ओढ असते. तिथे जीपीएसवरून काढलेला खरा वारा थोडा चुकणार, हे लक्षात ठेवा.

पुढे चार्टप्लॉटर (नकाशावर होडीची जागा दाखवणारा पडदा) घ्यायचा विचार असेल तर सेन्सरचा रिसीव्हर एनएमईए 0183 बोलतो की एनएमईए 2000, हे आधीच विचारा; बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलतात त्या या दोन भाषा. दोन्ही थेट जुळत नाहीत, मध्ये कन्व्हर्टर लागतो.

बसवताना डोलकाठीच्या टोकावर, पुढे काढलेल्या छोट्या दांड्यावर बसवा. शिडाजवळ हवा वळते आणि कोन खोटा येतो.

नंतर एकसारख्या वाऱ्यात, वारा येतो त्या दिशेच्या जमेल तितकी जवळ नाळ ठेवून, आधी डावीकडून, मग उजवीकडून वारा घेत चाला. एका बाजूला 40 आणि दुसऱ्या बाजूला 46 अंश दिसले, तर सेन्सर 3 अंश फिरलेला आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती करा. ट्रेलरवरून उतरवून डोलकाठी पुन्हा उभी केली की हे परत तपासा.