ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जास्त टिकणारे मागचे टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की ५० एचपीचा सेकंडहँड ट्रॅक्टर आहे, मागे दोन चारचाकी ट्रॉल्या, कारखाना २५ किलोमीटरवर, ड्रायव्हर खेपेवर, आणि मागची जोड एका हंगामात गोटा झाली. आता नवी जोड कुठल्या कंपनीची घेऊ?

कंपनी सांगतो, पण आधी तुमच्याच प्रश्नातले दोन शब्द परत वाचा. ड्रायव्हर खेपेवर. तुमचा टायर तिथं जातोय. खेपेवरच्या गड्याला डिझेल मालकाचं, टायर मालकाचा, आणि पैसे मात्र गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर किती वेळा चढली त्याचे. त्याचं सगळं लक्ष केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या कारखान्याच्या आवारात, नंबर लावण्याकडं. फडातून भरल्या ट्रॉल्या काढताना हाफ क्लचवर अंदाज घेत बसायला त्याला सवड कुठली? रेस वाढवायची, पाय सोडून द्यायचा, निघाली तर निघाली.

डिझेल इंजिनाचा जोर कमी आरपीएमलाच येतो. त्यात गियर लो असला की तो कैकपटीनं वाढून चाकावर उतरतो, आणि सगळा भार पडतो त्या क्षणी जमिनीला टेकलेल्या नक्षीच्या तीन-चार पट्ट्यांवर. काळ्या रानात चाक जागेवर फिरलं तर माती उडते, एवढ्यावर भागतं. खडीच्या वाटेवर किंवा डांबरीला लागताना तेच केलं की रबराचे तुकडे निघतात. आमच्याकडं पाणंद जिथं चढून डांबरीला मिळते तिथं हंगामभर रस्त्यावर काळे पट्टे दिसतात. कुणी बघत नाही त्याकडं. टायर झिजला की दुकानदाराला शिव्या घालायला मात्र सगळे तयार.

हे एवढं तिडकीनं लिहितोय त्याला कारण आमचे दाजी. अकलूजकडचे. ऊस वाहतुकीत माझ्या आधीपासून आहेत, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा, असं त्यांचंच म्हणणं. बारसं असो, जावळ असो, जेवणं झाली की विषय टायरवर यायचाच. त्यांची दोन मतं ठाम. एक, टायरात पाणी भरायचं नाही. "ट्रॅक्टरला फुकटचं ओझं. वजन वाढलं की टायर जास्त घासणार, शाळेतलं पोरगं पण सांगेल." दोन, मागच्या टायरात हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर पसरून बसतो आणि पकड येते. मी याच्या बरोबर उलट वागतो, म्हणून मी शिकलेला शहाणा.

एका हंगामात त्यांच्याकडं ऊस कमी होता म्हणून ट्रॅक्टर घेऊन ते आमच्याकडं आले. ट्रॅक्टर माझ्याच मापाचा, मागे १४.९-२८ टायर, कंपनीसुद्धा तीच. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या डाव्या चाकाचा वॉल, म्हणजे ट्यूबची हवा भरायची नळी, बुडातून तुटला. भरल्या ट्रॉल्या, रात्रीची वेळ, ट्रॅक्टर फडाच्या तोंडाशी आडवा, मागं बाकीची वाहनं अडकलेली, मुकादमाची बडबड. नवी ट्यूब घातली. आठवड्याच्या आत तोच वॉल, तसाच तुटला. मग दाजींनी ट्यूब बनवणाऱ्याचा उद्धार केला, मग विकणाऱ्याचा, मग पंक्चरवाल्याचा. पंक्चरवाला बिचारा तुटलेला वॉल हातात धरून एवढंच म्हणत होता, "मालक, हा कापलेला नाही, ओढून तुटलाय."

मी घरातनं पांढरा ऑइलपेंट आणला. तिसरी ट्यूब बसवल्यावर रिंगेपासून टायरच्या बाजूवर सरळ एक पट्टा ओढला, रिंग आणि टायर दोन्हीवर एकाच रेषेत. आपल्या ट्रॅक्टरलाही तसाच ओढला, नाहीतर दाजी म्हणाले असते की तुमचं रान चिकट. दोन्ही गाड्या एकाच फडातून भरून गेल्या. सकाळी केनयार्डात उतरून बघितलं तर माझा पट्टा सरळ. दाजींचा रिंगेवरचा तुकडा एकीकडं आणि टायरवरचा चांगला चार बोटं मागं. वॉलची दांडी भोकात तिरकी होऊन रिंगेच्या कडेला घासत होती. अजून एक-दोन खेपांत तीही गेली असती.

काय होतं ते सांगतो. हवा कमी असली की टायर रिंगेला घट्ट धरत नाही. इंजिन रिंग फिरवतं, भरल्या ट्रॉल्या टायरला मागं ओढतात, आणि प्रत्येक धक्क्याला टायर रिंगेवर थोडा थोडा सरकतो. ट्यूब टायरबरोबर सरकते, पण वॉल रिंगेच्या भोकात अडकलेला. ताण येऊन येऊन तो तुटतो. तुमच्या चाकाचा वॉल आत्ता जाऊन बघा. सरळ उभा असेल तर ठीक, एका बाजूला कलला असेल तर नवी जोड घालूनसुद्धा उपयोग नाही.

पाण्याचंही तिथंच दाखवलं. रिकामा ट्रॅक्टर सपाट वाटेवर चाकाच्या दहा फेऱ्या चालवायचा, ते अंतर मोजायचं. मग तेवढंच अंतर फडात भरल्या ट्रॉल्या जोडून काढायचं आणि फेऱ्या मोजायच्या. अकरा-साडेअकरा भरल्या तर चाक थोडं घसरतंय, शेतात तेवढं चालतं, किंबहुना तेवढं लागतंच. माझ्या तेवढ्याच भरल्या. दाजींच्या चौदाच्या वर गेल्या. म्हणजे रानात चाक दहा फेऱ्यांचं अंतर काढायला चौदा फेऱ्या घासतंय आणि डिझेलही तेवढं जास्त जाळतंय. दोनचाकी ट्रॉली पुढचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते, त्यामुळं मागच्या टायरला दाब मिळतो. चारचाकी ट्रॉली स्वतःचं सगळं ओझं स्वतःच्या चाकांवर घेते. ट्रॅक्टरच्या वाट्याला नुसतं ओढणं येतं, दाब येत नाही. अशा वेळी वजन तुम्हालाच टाकावं लागतं, एकतर लोखंडी वजनं लावून किंवा टायरात पाणी भरून. १४.९-२८ टायरात चारातले तीन हिस्से पाणी म्हणजे एका चाकाला साधारण २०० लिटर. फुकटचं ओझं म्हणा हवं तर.

दाजी काय म्हणाले? "मोजायला पोरगं कुणाचं होतं? तुमचंच ना?"

आता टायर. माप पहिलं आहे तेच ठेवा. १४.९ काढून १६.९ घालायची हौस असते लोकांना, रुंद दिसतो म्हणून. पण त्याला रिंगही रुंद लागते. अरुंद रिंगेवर कोंबलात तर टायरचा माथा गोल होतो आणि मधलीच नक्षी घासून संपते. १२ पीआरच्या खालचा घेऊ नका. पीआर म्हणजे खरोखरचे तेवढे थर नव्हेत, तेवढी ताकद. नक्षी उंच बघून भुलू नका. चिखलणीसाठी काढलेला उंच पट्ट्यांचा टायर डांबरीवर डुलत चालतो, तापतो आणि पट्ट्यांची बुडं फाटतात. तुमचं काम रस्त्याचं जास्त, रानाचं कमी. म्हणून पट्टी रुंद, मधे एकमेकांत शिरलेली, आणि बुडाला जाड असलेला वाहतुकीचा टायर मागा. दुकानात टायर आडवा करून मधल्या भागावर पंजा ठेवून बघा, हाताखाली रबर जास्त लागतंय की खाच.

रेडियल की नायलॉन? रेडियल रस्त्यावर सपाट बसतो, सारखा झिजतो, मान्य. पण त्याची बाजू मऊ. कोयत्यानं तिरक्या तोडलेल्या उसाचा बुडखा तुम्ही बघितलाच असेल, वाळल्यावर सुरीसारखा होतो. तो बाजूत घुसला की टायर गेला. फडात आत जाऊन भरत असाल तर नायलॉनच घ्या. ऊस बांधावर आणून देत असतील तर रेडियलचा विचार करा.

तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला टायर "नवा माल" म्हणून गळ्यात मारतात. माझ्याही मारू बघितला होता एका दुकानदारानं. आकडे दाखवल्यावर म्हणाला, तो मोल्डचा नंबर आहे. दुसरीकडून घेतला.

आणि कंपनी. एमआरएफ शक्ती लाईफ, अपोलो कृषक गोल्ड, सिएट आयुष्मान, जेके सोना, यातला कुठलाही घ्या. यांच्यात जेवढा फरक आहे त्याच्यापेक्षा दोन ड्रायव्हरांच्या डाव्या पायात जास्त आहे. तालुक्यात ज्याचा डीलर जुना आहे आणि क्लेमला माणूस पाठवतो, त्याचा घ्या. हे ऐकून तुमचं समाधान होणार नाही, ठाऊक आहे.

हवा : रानात १२ ते १४ पौंड, डांबरीवर भरल्या ट्रॉल्या ओढताना २० च्या आसपास. बाजूवर लिहिलेल्या आकड्याच्या वर नाही. पाणी भरलं असेल तर वॉल वरच्या बाजूला आणून मगच हवा बघायची. आत हवेला जागा कमी उरते, त्यामुळं दोन दाबात आकडा पटकन वर जातो, पंपावरच्या पोराला हे सांगून ठेवा. ट्रॉलीला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर चालतात, कारण ती नुसती मागं येते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड अजिबात नको. पुढचे एकाच कडेला खात असतील तर टायर बदलण्याआधी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, बघून घ्या.

ड्रायव्हरचं मी असं केलंय. खेपेचा दर बाजारात आहे तोच. हंगाम सुरू होताना त्याच्यासमोर पट्टीनं मागच्या टायरची नक्षी मोजतो, मधली आणि दोन्ही कडांची, आणि डायरीत लिहून त्याची सही घेतो. हंगाम संपल्यावर परत मोजायची. ठरलेल्यापेक्षा जास्त उरली तर जादा पैसे त्याचे. तेव्हापासून पाणंदीच्या चढाला तो आधी खाली उतरून मोठे दगड बाजूला करतो, हे मी सांगितलेलं नाही. दाजींच्या मते हे ड्रायव्हरला डोक्यावर बसवणं. त्यांच्याकडं दर हंगामाला ड्रायव्हर नवा असतो, आणि उचल घेऊन पळाला म्हणून फोन मलाच येतो.

हे सगळं माझ्या भागातल्या काळ्या रानाचं. तुमच्याकडं मुरमाड, खडकाळ असेल तर पाणी थोडं कमी भरा आणि वेग आणखी कमी ठेवा. टायरच्या बाजूवर ए६ असेल तर तो ताशी ३० किलोमीटरपर्यंतचाच टायर आहे, ए८ असेल तर ४०. उतारावर न्यूट्रल टाकून पळवणाऱ्यांना हे कळत नाही आणि तिथं प्रश्न टायरचा उरतही नाही. ट्रॅक्टर फोर बाय फोर असेल तर मागच्याच नव्हे, पुढच्या टायरचं मापही कंपनीनं दिलेलंच ठेवा, आणि डांबरीला लागल्याबरोबर पुढची ताकद बंद करा, नाहीतर पुढची जोड मागच्याच्या आधी संपेल. हंगाम संपून रोटाव्हेटर जोडायचा असेल तेव्हा पाणी काढून टाका. त्या कामाला वजन लागत नाही, उलट रान दबतं.

आणि हवेचा मीटर स्वतःचा घ्या, कमी दाबाचा. ट्रकच्या मीटरवर १४ आणि २० मधला फरक नीट कळत नाही.