पाच दिवसांत उतरणारी बॅटरी आणि पाच लाखांचं कर्ज

प्रश्न: दारव्हा तालुक्यात सात एकर शेती आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. २०१४ मॉडेलची छोटी पेट्रोल गाडी २०२१ मध्ये जुनी घेतली, २ लाख १० हजारांत. महिन्यातून तीनदा बाबांना यवतमाळला दवाखान्यात न्यायला लागते, बाकी दिवस टिनाच्या शेडमध्ये उभी असते. पाच-सहा दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. २०२२ ला बदलली, २०२४ ला बदलली, आता पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो नवी टाका, जुनी देऊन ४,८०० रुपये. इलेक्ट्रिशियन म्हणतो डायनामो गेला, ७,५०० लागतील. शोरूमवाला म्हणतो ही गाडी १ लाख २० हजारांत द्या, वर ५ लाखांचं कर्ज करा आणि नवी न्या. कापसाच्या चुकाऱ्यातले १ लाख ६० हजार हाती आहेत. पीककर्ज १ लाख २० हजार आहे, ते ३१ मार्चच्या आत भरायचं आहे. काय करावं? आणि जुनी बॅटरी वावरातल्या झटका मशीनला (रानडुकरं येऊ नयेत म्हणून तारेच्या कुंपणात झटका सोडणाऱ्या यंत्राला) चालेल का?

उत्तर: भाऊ, तिघांनीही तुम्हाला आपापल्या दुकानातला माल सांगितला. गाडीला मीटर कोणीच लावलं नाही. तीन-चार वर्षांत तिसरी बॅटरी मागणाऱ्या गाडीत दोष बहुतेक बॅटरीत नसतो, गाडीच्या वायरिंगमध्ये असतो. तो सापडायच्या आधी ४,८०० घातले तर दोन वर्षांत चौथी बॅटरी घ्याल.

आधी पैशाची रांग लावू, कारण तारीख डोक्यावर आहे. चुकाऱ्यातून पहिले १ लाख २० हजार पीककर्जात भरा. मुदतीत भरलेल्या पीककर्जावर केंद्राची ३ टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची ३ टक्के सवलत मिळते. १ लाख २० हजारांवर ती वर्षाची ७,२०० रुपये होते. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते, थकीत व्याज वेगळं लागतं आणि जूनमध्ये नवं पीककर्ज उचलतानाही अडचण येते. म्हणजे गाडीच्या नादात मार्च चुकवला तर दीड बॅटरीचे पैसे तिथेच गेले. कर्ज भरून उरतात ४० हजार. गाडीचा प्रश्न या ४० हजारांतल्या जास्तीत जास्त ८ हजारांत बसला पाहिजे, बाकीचे पेरणीपर्यंत घरखर्चाला ठेवा.

आता नवी गाडी. ५ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये बसतो. पाच वर्षांत ६ लाख ३० हजार भराल, त्यात व्याज १ लाख ३० हजार. आकड्यापेक्षाही हप्त्याची वेळ मला खटकते. तुमचा पैसा दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांत येतो आणि हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. जून ते सप्टेंबर, खत-फवारणीच्या दिवसांत तो कुठून काढणार? काही बँका कास्तकाराला सहामाही हप्ता करून देतात, पण व्याज त्याने कमी होत नाही. शिवाय शोरूममध्ये कोणी सांगणार नाही अशी गोष्ट: नवी गाडीही उभ्या-उभ्या बॅटरी खाते. अलार्म, रिमोट लॉक, स्क्रीन, मोबाईलला जोडलेली यंत्रणा हे सगळं जागंच असतं. तीही तीन-चार आठवडे शेडमध्ये न हलवता ठेवली तर कुरकुर करू शकते. म्हणजे महिनाभर उभी ठेवायची वेळ आली, तर हा आजार नव्या गाडीतही येऊ शकतो.

मग गाडी विकून भाड्याने जायचं का? हा हिशेब मात्र करण्यासारखा आहे. यवतमाळची जाऊन-येऊन खेप ८० किलोमीटर, १६ चं ॲव्हरेज आणि १०५ चा भाव धरला तर पेट्रोल ५२५. वर्षाच्या ३६ खेपांचे १९ हजार. विमा, सर्व्हिसिंग, पीयूसी, टायर-बॅटरीचा वाटा मिळून १५ हजार. एकूण ३४ हजारांच्या आसपास. भाड्याची गाडी खेपेला १,५०० धरली तरी ५४ हजार होतात, आणि रात्री-अपरात्री बाबांना न्यायची वेळ आली तर ती मिळेलच असं नाही. गाडी ठेवा. आरसीची मुदत २०२९ पर्यंत आहे, तोवर ती तुमच्या कामाला पुरते.

आता दोष शोधण्याकडे. तुमचं गणित कागदावरच बरंच सांगून जातं. अशा गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासाची असते. स्टार्टरला एका वेळी दीड-दोनशे अँपिअर लागतात, पण दोन-तीन सेकंदच. त्यात बॅटरीचा पाव अँपिअर-तासही जात नाही. बॅटरी संपवते ती करंटची बारीक गळती. गाडी बंद असताना २० ते ५० मिलिअँपिअर जाणं ठीक आहे. ५० ने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे चांगली बॅटरी अर्ध्यावर यायला दोन आठवडे लागतात. तुमची पाच दिवसांत बसते. तेवढ्यात १५ अँपिअर-तास गेले धरले तरी गळती १२५ मिलिअँपिअरच्या घरात येते. नेहमीच्या अडीच ते सहापट.

बॅटरी आधी शहरात चार्जिंगला टाका. ३ ते ४ अँपिअरवर रात्रभर सावकाश चार्जिंग, पटकन फुगवून दिलेलं नको. चार्जरवरून काढल्यावर चार-पाच तासांनी मीटरवर १२.६ च्या वर व्होल्ट हवेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर दुकानदाराला हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेलमध्ये बुडवायला लावा. सगळे १.२५० च्या आसपास असले तर बॅटरीत अजून जीव आहे. पाच सेल १.२५० आणि एक १.१८० असेल तर तो सेल गेला, ती बॅटरी काही केल्या चालणार नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते घातलं की प्लेटा खराब होतात.

मग ५००-६०० रुपयांचं मल्टिमीटर घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे अशा इलेक्ट्रिशियनला तासाभराची मजुरी द्या. गाडी बंद, चावी बाहेर, दारं बंद, बॉनेट उघडं. १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात टाका, काटा १० अँपिअर डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं सुटलेल्या वायरच्या टर्मिनलला. आता गाडीतून जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण टर्मिनल जोडताना गाडीतले कंट्रोलर जागे होतात. अर्धा तास थांबा. मग ०.०३ दिसलं तर ३० मिलिअँपिअर, गाडी निर्दोष. ०.१२ दिसलं तर चोर घरात आहे.

एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या लाइनवर दोष. जुन्या घेतलेल्या गाडीत माझा पहिला संशय मागाहून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमवर असतो. तिच्या मागे दोन वायरी असतात: पिवळी कायम बॅटरीवर, सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती, लाल चावीवर. घाईत बसवणारा दोन्ही एकत्र पिळून, काळी टेप गुंडाळून कायम लाइनवर जोडतो. मग गाणं बंद असलं तरी सिस्टीम आतून जागीच. लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली की काम झालं, मजुरी दोनशे-तीनशे. दुसरा नंबर डिक्कीच्या दिव्याचा. स्विच अडकला की तो आत जळत राहतो आणि बाहेरून कळत नाही. जीपीएस, डॅशकॅमेरा, चिकटलेला रिले हेही पाहा. शेडमध्ये ढेप किंवा सरकीची पोती ठेवत असाल तर उंदरांनी वायर कुरतडलेली असण्याची शक्यता खूप. बॉनेटखाली लेंड्या दिसतात का बघा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर इलेक्ट्रिशियनचं अर्धं बरोबर. अल्टरनेटर, ज्याला सगळे डायनामो म्हणतात, त्याचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळत असेल. निगेटिव्ह सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप लावा, मीटर पुन्हा जोडा. आकडा पडला तर डायोड प्लेट गेली. ती एकटी बदलून मिळते, खर्च पूर्ण अल्टरनेटरच्या बराच खाली. ७,५०० देण्याआधी एक चाचणी त्याच्या समोर करून घ्या: इंजिन थोडं रेस, हेडलाइट चालू, बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग नीट आहे. १३.२ च्या खाली असेल तर बेल्ट किंवा अल्टरनेटर. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर (व्होल्ट काबूत ठेवणारा भाग) बॅटरी उकळवतोय, आणि मग दोन वर्षांत बॅटरी का जाते तेही कळतं.

गळती बंद झाल्यावरच बॅटरीचा निर्णय. वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं, ते चार्जिंगने पूर्ण सुटत नाही. त्यामुळे तुम्हाला बहुधा नवी लागेलच. फक्त ती शेवटी घ्या. घेताना बॅटरी तयार झाल्याचा महिना बघा, दुकानात चार महिन्यांहून जास्त पडलेली नको. वॉरंटीत ‘२४ + २४’ म्हणजे पहिले २४ महिने फुकट बदल आणि पुढचे २४ महिने वापराच्या प्रमाणात सूट. ४८ महिने फुकट असं समजू नका. गाडीच्या दोषाने उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही, कार्डावर ते बारीक अक्षरांत असतं. सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा ४,८०० हा भाव कधीचा आहे ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

नंतरची काळजी स्वस्त आहे. निगेटिव्हवर बसणारा कट-ऑफ स्विच दोन-चारशे रुपयांत येतो. गाडी लावली की तो फिरवायचा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, रिमोट चालणार नाही, दार चावीने उघडा, एवढीच कटकट. स्विच नको असेल तर १० वॅटचं सोलर पॅनेल कंट्रोलरसह लावा. आपल्या उन्हात ते दिवसाला दोन-अडीच अँपिअर-तास देतं, तुमच्या गाडीच्या गरजेच्या दुप्पट. पॅनेल शेडच्या वर, गाडी शेडच्या खाली. मे महिन्यात टिनाखाली भट्टी होते आणि उष्णतेने बॅटरी आतून लवकर झिजते, म्हणून जमलं तर उन्हाळ्यापुरती गाडी कडुनिंबाखाली लावा. टर्मिनलवर पांढरा बुरा साचला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकल्यावर व्हॅसलिन लावा. मधेच बॅटरी बसली तर ट्रॅक्टरवरून जंप देता येतो, दोन्ही १२ व्होल्ट असतात. ट्रकवरून घेऊ नका, तिथे २४ व्होल्ट असतात.

सगळं धरून खर्च: मीटर ६००, चार्जिंग आणि मजुरी ५००-६००, बॅटरी ४,८००, स्विच ३००. साडेसहा हजारांच्या आत. डायोड प्लेट निघाली तर ८ हजारांपर्यंत जाईल.

राहिली झटका मशीन. तिला करंट थोडाच लागतो, त्यामुळे गाडी उचलू न शकणारी बॅटरीही तिथे एखादा हंगाम काढते. हायड्रोमीटरवर सगळे सेल सारखे असतील तर दुकानदाराला देऊ नका. जुनी न दिल्याने नवीवर जी काही सूट जाईल, त्यापेक्षा मशीनसाठी वेगळी बॅटरी महाग पडते. एक सेल मेला असेल तर मात्र द्याच. आणि वावरात नेईपर्यंत ती घरात कोपऱ्यात टाकून ठेवू नका, महिन्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर रानडुकरं यायच्या आधीच ती बसेल.