कार्डिनल ओळखताना रंग शेवटी बघा

हिवाळा आला की अमेरिका-कॅनडातल्या वाचकांच्या पत्रांत नॉर्दर्न कार्डिनल हा पक्षी हमखास असतो. बर्फावर बसलेला लालभडक नर एकदा दिसला की माणूस त्याच्या नादी लागतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

आमच्या परसात लाल नर रोज येतो, पण मादी कधीच दिसली नाही. ती वेगळी राहते का? (एडिसन, न्यू जर्सी)

मादी बहुधा रोज तुमच्या समोर असते. तुम्ही लाल रंग शोधता, म्हणून ती नजरेतून सुटते. तिचं अंग फिकट बदामी-तपकिरी असतं. तुरा, पंख आणि शेपटीवर तेवढी लालसर झाक. आता रंग बाजूला ठेवा आणि आधी डोकं बघा. शिपाई बुलबुलासारखा टोकदार तुरा दिसेल, पण तो उभारलेला असेल तरच. पक्षी निवांत बसला की तुरा मागे चापून बसतो. त्यानंतर चोच. जाड, शंकूसारखी आणि शेंदरी. तपकिरी अंगावर ही चोच इतकी उठून दिसते की एकदा लक्षात आली की पुन्हा चूक होत नाही. शेपटी लांब, एकूण लांबी २१ ते २३ सेंटिमीटर. नराच्या चोचीभोवती काळा मुखवटा असतो, मादीचा पुसट करडा.

उन्हाळ्यात मादीसारखाच, पण काळपट चोचीचा पक्षी दिसला तर ते यंदाचं पिल्लू. मोठं होताना चोच हळूहळू शेंदरी होते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांत गाणं मुख्यतः नराचं, पण कार्डिनलची मादीही गाते, पुष्कळदा घरट्यात बसूनच. वसंतात नर दाणा सोलून चोचीने तिच्या चोचीत भरवतो, तेव्हा दोघं एकत्र दिसतील. ते दृश्य चुकवू नका.

सॅन होजेमध्ये आमच्या फीडरवर (दाणे ठेवायच्या भांड्यावर) लाल डोक्याचे पक्षी थव्याने येतात. हे कार्डिनलच ना?

नाही, ते हाउस फिंच. चिमणीएवढे, तुरा नाही, लाली फक्त डोक्यावर आणि छातीवर, पोटाच्या बाजूंना तपकिरी रेघा. कार्डिनलचा मुख्य मुलूख अमेरिकेच्या पूर्वार्धात आणि दक्षिणेला, टेक्सासपासून मेक्सिकोपर्यंत. दक्षिण ॲरिझोनातही तो आहे. तुमच्या बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या परिसरात, तो राहत नाही.

पूर्वेकडच्या वाचकांना वेगळी अडचण येते, ती टॅनेजरची. समर टॅनेजरचा नर पूर्ण लाल असतो, स्कार्लेट टॅनेजरचा लाल अंगावर कुळकुळीत काळे पंख घेऊन येतो. दोघांनाही तुरा नाही, काळा मुखवटा नाही. शिवाय ते थंडीत दक्षिणेला निघून जातात. कार्डिनल स्थलांतर करत नाही. म्हणून ओहायोत जानेवारीत तुऱ्याचा लाल पक्षी दिसला की निःशंक कार्डिनल म्हणा.

टूसॉनमध्ये (ॲरिझोना) करड्या अंगाचा, छातीवर लाल पट्ट्याचा, तुरा असलेला पक्षी दिसला. मादी असेल का?

हा पिऱ्हुलोक्सिया, कार्डिनलचा वाळवंटातला सख्खा भाऊ. चोच बघा: पोपटासारखी वाकडी आणि पिवळसर. तुमच्या भागात दोघंही राहतात, त्यामुळे तिथे चोच बघितल्याशिवाय नाव लिहू नका.

नळीसारखा फीडर आणि मिश्र दाणे आणले. चिमण्या आणि खारी सगळं फस्त करतात, कार्डिनल फिरकत नाही. (टोरांटो)

दाणा आणि फीडर दोन्ही बदला. कार्डिनलला दाण्याकडे सरळ तोंड करून बसायला आवडतं. नळीच्या लहान दांडीवर त्याला मान वाकडी करून खावं लागतं, आणि वजनानेही तो चिमणीपेक्षा भारी, साधारण ४५ ग्रॅमचा. त्याला पसरट थाळीचा फीडर द्या किंवा नळीखाली रुंद थाळी बसवा.

दाण्यांत पहिली पसंती काळ्या सालीच्या सूर्यफुलाला. दुकानात 'ब्लॅक ऑइल सनफ्लॉवर' म्हणून मिळतं. दुसरी करडई. हो, आपल्या सोलापूर-मराठवाड्यातली तेलाची करडई! कार्डिनलची जाड चोच तिचं टणक कवच सहज फोडते, आणि बऱ्याच खारी व काळे ग्रॅकल पक्षी तिच्याकडे पाठ फिरवतात. आधी सूर्यफुलात थोडी करडई मिसळा, मग प्रमाण वाढवत न्या. उरलेला भात, फरसाण, शेव मात्र टाकू नका. मीठ पक्ष्यांना घातक असतं.

फीडर दाट झुडपाच्या जवळपास हवा, कारण हा पक्षी उघड्यावर फार वेळ थांबत नाही. काचेपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या बाहेर टांगा. मधल्या अंतरावरून वेगाने काचेवर आपटून पक्षी मरतात. दर दोन आठवड्यांनी नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फीडर धुवा आणि पूर्ण वाळवून मगच भरा. ही स्वच्छता जमणार नसेल तर फीडर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाणेरड्या फीडरवरून रोग पसरतो.

आणि वेळ सांभाळा. कार्डिनल उजाडताना सगळ्यांच्या आधी येतो आणि तिन्हीसांजेला सगळ्यांच्या शेवटी जातो. सकाळी दहा वाजता खिडकीत बसलात तर तो येऊन गेलेला असेल.

विसाव्या शतकात या पक्ष्याचा पसारा उत्तरेकडे वाढत कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत पोहोचला. टोरांटोत तो आता बारा महिने असतो, तेव्हा धीर धरा.

मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. एक लाल पक्षी रोज काचेवर चोच आपटतो. त्याला भूक लागली आहे का? (कोलंबसहून एक आजी)

आजी, भूक नाही, भांडण आहे. विणीच्या काळात नर आपली हद्द राखतो. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की त्याला वाटतं दुसरा नर घुसला. मादीही असं करते. काचेला बाहेरच्या बाजूने कागद किंवा जुनी चादर लावायला जावयांना सांगा. आतला पडदा ओढून प्रतिबिंब जात नाही. हंगाम सरला की हे थांबेल.

ऑगस्टमध्ये टकला कार्डिनल दिसला. आजारी आहे का?

बहुधा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पिसं बदलतात, काहींच्या डोक्यावरची एकदम गळतात. काही आठवड्यांत नवी येतात.

जंगलात, उद्यानात कार्डिनल शोधायचा कसा?

कानांनी. झुडपातून 'टिच्, टिच्' असा धातूवर ठोकल्यासारखा तुटक आवाज आला की थांबा. गाणं म्हणजे मोठ्या, स्वच्छ, वरून खाली घसरणाऱ्या शिट्ट्या, मग एकच स्वर भराभर. गाणारा नर बहुधा उंच शेंड्यावर असतो, खाणारी जोडी जमिनीलगत. दाट रानाच्या आत शिरू नका. रानाची कड, वेलींची गुंतागुंत, ओढ्याकाठची झुडपं बघा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला रॅम्बल हा भाग सुरुवातीला उत्तम. आवाजाबद्दल शंका असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप मदत करतं, पण नाव नोंदवण्याआधी पक्षी डोळ्यांनी बघा.

महाबळेश्वरला लाल पक्षी दिसला, डोकं काळं होतं. भारतात कार्डिनल आहे का?

नाही, भारतात हा पक्षी रानात आढळत नाही. तुम्ही पाहिला तो निखार. नराचं डोकं आणि पाठ काळी, पोट निखाऱ्यासारखं लाल-नारिंगी. तुरा नाही, आणि चोच बारीक, कारण तो मुख्यतः किडे टिपतो. निखार झाडांच्या शेंड्यांतून थव्याने फिरतात. पुढच्या वेळी त्याच थव्यात पिवळे पक्षी आहेत का ते बघा. त्या त्यांच्या माद्या असतात.