पसरला, की नुसता वाढला?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. ‘मॅलॅट-१ या नॉनकोडिंग (प्रथिन न बनवणाऱ्या) आरएनएमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरतो’ हे वाक्य पहिल्या पानावरून काढ. ते अजून सिद्ध करायचं आहे.

नमुने बार्शीहून येणार, म्हणजे सत्तरेक किलोमीटर आणि सोलापूरचा मे. आरएनएलेटरमध्ये, म्हणजे आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात, गाठीचा तुकडा ३७ अंशाला जेमतेम एक दिवस टिकतो. एसटीतल्या उकाड्यावर भरवसा ठेवू नकोस, बर्फाचा डबा ने. तुकड्याची जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत हवी, नाहीतर द्रावण गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधीच आतला आरएनए तुटतो. आल्या आल्या उणे ८० मध्ये कोंबू नकोस; रात्रभर ४ अंशाला मुरू दे.

आरएनए वेगळा काढताना ट्रायझॉल (पेशी फोडणारं द्रावण) १ मिलीला ऊती ५० ते १०० मिलिग्रॅम, क्लोरोफॉर्म ०.२ मिली. वरचा पाण्यासारखा थर उचलताना हाव धरू नकोस, थोडा राहिला तरी चालेल. मधला पांढरा पडदा पिपेटमध्ये आला की डीएनए आलाच. मॅलॅट-१ च्या जनुकात मधे इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकला जाणारा भाग) जवळजवळ नाहीच, त्यामुळे प्रायमर (पीसीआरमध्ये हवा तो क्रम पकडणारे छोटे तुकडे) हुशारीने निवडूनही डीएनए वेगळा ओळखता येत नाही. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्यायचंच, आणि प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकराशिवाय, लावायची. तिथेही पीसीआरचा आलेख लवकर वर चढला तर तो नमुना बाद.

आता मुख्य गोष्ट. मॅलॅट-१ बंद पाडून पेशी सरकतात का ते बघायचं. तो केंद्रकात बसतो, तिथे एसआयआरएनएचं (आरएनए बंद पाडणाऱ्या छोट्या आरएनएचं) फारसं चालत नाही. गॅपमर (केंद्रकातही आरएनए तोडायला लावणारे छोटे डीएनए तुकडे) वापर, तेही दोन वेगवेगळ्या क्रमांचे. सीहा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींच्या थरावर ओढलेली चीर २४ तासांत भरली नाही, तर पेशी सरकल्या नाहीत की वाढल्याच नाहीत? शेजारच्या प्लेटमध्ये पेशींची मोजणी लावल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ट्रान्सवेलला (पेशी आरपार जातात का ते बघायच्या सच्छिद्र पडद्याच्या कपाला) ८ मायक्रॉनची छिद्रं, वर मॅट्रिजेल, म्हणजे ऊतीतल्या आधारपटलासारखा जेल. रंग देण्याआधी वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने कोपऱ्याकोपऱ्यातून पुसायच्या. हे बहुतेक जण घाईत करतात आणि न सरकलेल्या पेशीही मोजून बसतात.

आणि प्लेटमधली चीर म्हणजे रुग्णाच्या लसिकाग्रंथी नव्हेत. एकाच टप्प्याच्या रुग्णांत ग्रंथींपर्यंत पोहोचलेला आणि न पोहोचलेला रोग शेजारी ठेवून बघ. त्यासाठी ग्रंथींचा पॅथॉलॉजी अहवाल आणि एचपीव्हीचा (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा) प्रकार दोन्ही लागतील. नैतिकता समितीच्या अर्जातच ते मागून घे. मागाहून मिळवायला महिने जातात.

तुझे सर