पुरुषांच्या प्रो बास्केटबॉलमध्ये बाईला रेफ्री होता येतं का? प्लेअर ऐकतात का तिचं?

होता येतं. एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या प्रो लीगनं, 1997 सालीच व्हायोलेट पामर आणि डी कँटनर अशा दोघींना घेतलं, तेव्हा चार्ल्स बार्कलीसारखा मोठा प्लेअर उघड विरोधात बोलला होता. पण "ऐकतात का" हे तुम्ही प्लेअरबद्दल विचारताय. प्लेअर ऐकतात हो. ऐकत नाहीत ते सीनियर पंच आणि आयोजक.

मी सांगलीत शाळेत पीटी घेते, युनिव्हर्सिटी खेळलेय, पंच परीक्षा पास आहे. तरी पुरुषांची ओपन टुर्नामेंट आली की "मॅडम तुम्ही टेबलवर बसा, तुमचं अक्षर चांगलंय." स्कोअरशीट, टायमर, चोवीस सेकंदांचं घड्याळ, सगळं केलं. एका सेमीफायनलला कोल्हापूरहून येणारा पंच आलाच नाही, वेळ झालेली, पब्लिक ओरडतंय, म्हणून नाइलाजानं मला शिट्टी दिली. चौथा क्वार्टर, अटीतटीची मॅच, लोकल टीमचा स्टार ड्राइव्ह मारत आला आणि थेट डिफेंडरच्या छातीवर, बॉल आत. मी बेसलाइनला उभी, समोर सगळं स्वच्छ दिसत होतं. ऑफेन्सिव्ह, म्हणजे अटॅक करणाऱ्याचाच फाऊल दिला, बास्केट कॅन्सल. पब्लिक पेटलं, त्यानं बॉल आपटला, मी टेक्निकल, म्हणजे वागणुकीचा फाऊल दिला. आणि तो पोरगा त्यानंतर गप खेळला, मॅच संपल्यावर हात मिळवून "येतो मॅडम" म्हणून गेला. बोलले कोण, तर माझ्याबरोबरचे सीनियर सर, तेही सगळ्यांसमोर. "मुलांच्या मॅचला एवढं चालतं मॅडम, मुलींच्या मॅचसारख्या शिट्ट्या मारायच्या नसतात." पुढच्या वर्षी परत टेबल.

काय चालतं? मुलांचा बॉल सात नंबरचा, मुलींचा सहा नंबरचा. फाऊलचा नियम दोघांना एकच आहे. दुसरं म्हणे, भांडणं झाली तर बाई काय करणार. एनबीएत तीन पंच असतात, एकालाही कुस्ती खेळायची नसते, योग्य कोनात वेळेवर पोचायचं असतं. पामरनं 2006 ला प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची मॅच घेतली आणि 2016 ला गुडघ्यांमुळे थांबली, तोवर टिकून राहिली. कँटनरला 2002 ला काढलं आणि मग 2014 ला लॉरेन होल्टकॅम्प येईपर्यंत फुलटाइम पामर एकटीच. इतकी वर्षं लायक बाई नव्हती? डब्ल्यूएनबीएत, म्हणजे तिथल्या बायकांच्या लीगमध्ये, बायका शिट्टी वाजवतच होत्या की, एनबीएनं बोलावलं नाही. बोलवायला लागल्यावर जानेवारी 2021 मध्ये नॅटली सॅगो आणि जेना श्रोडर एकाच मॅचला उभ्या राहिल्या. आपल्याकडं क्रिकेटचं बघा, नवी मुंबईच्या वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या, 2023 ला रणजी ट्रॉफीत अंपायर म्हणून उतरल्या.

तुम्ही जिल्हा संघटनेकडं नाव द्या, राज्याची परीक्षा द्या, मग नॅशनल, मग फिबा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचं लायसन्स. टेबलचं काम जरूर शिका, पण दोन सीझनच्या वर तिथंच बसवत असतील तर तोंडावर विचारा, "मेन्सची मॅच कधी देताय?" गप बसलेल्या बाईला कुणी मॅच देत नाही. बाकी मानधन फार नसतं, नोकरी सोडू नका, आणि रात्रीच्या मॅचनंतर घरी यायची सोय आधी बघा, हे सांगायचं राहूनच जात होतं.

आणि सर हे वाचत असतील तर, डिफेंडरचे दोन्ही पाय जमिनीवर होते, तो बास्केटखालच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर होता, धक्का छातीवर होता. तो ऑफेन्सिव्हच होता.