बाबांची तेहतीस वर्षं वर्गात कशी न्यायची?

पत्र: मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एम.ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा महसूल खात्यात शिरस्तेदार आहेत. तलाठी म्हणून लागले, मग सर्कल (मंडळ अधिकारी) झाले. पुढच्या वर्षी साठ पूर्ण होऊन निवृत्त होतील तेव्हा नोकरीला तेहतीस वर्षं झालेली असतील. पीएच.डी. नसली तरी अनुभवी सरकारी माणसांना विद्यापीठात शिकवता येतं, असं ऐकलं. बाबा साधे बी.ए., मराठी माध्यमाचे. त्यांना जमेल का? दुसरं म्हणजे, मला स्वतःला प्राध्यापक व्हायचंय. अशी बाहेरची माणसं आली तर आमच्या जागा जाणार नाहीत का? की मीसुद्धा आधी सरकारी नोकरी करून मग शिकवायला यावं?

उत्तर:

बाबांचं आधी घेते, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

तू ऐकलंस ते खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नेमणुकीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा. पदवीची सक्ती नाही, शोधनिबंध मागत नाहीत. क्षेत्रांमध्ये नागरी सेवा, सैन्यदल, वकिली, लोकप्रशासन यांची नावं स्पष्ट घातलेली आहेत. आधीच शिक्षकी पेशात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना हे दार बंद आहे. सुरुवातीची नेमणूक एक वर्षापर्यंतची, मग वाढवत तीन वर्षं, फारच अपवाद म्हणून चौथं. मानद तत्त्वावर घेतलं तर मानधन संस्था आणि तज्ज्ञ मिळून ठरवतात. त्यामुळे पेन्शनच्या जोडीला भरघोस पगार, असा हिशेब घरात कुणी मांडला असेल तर तो आजच बाजूला ठेवा.

कुलगुरू नावं मागवू शकतात, तसं इच्छुकाला स्वतःचं नावही पाठवता येतं. सोबत सविस्तर बायोडेटा आणि आपण काय शिकवू शकतो याचं छोटं टिपण लागतं. दोन ज्येष्ठ प्राध्यापक आणि बाहेरचा एक नामवंत, अशी समिती ते पाहते.

आता अडचणीचं बोलते. अनुभव ‘शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा’ असावा, असंही तिथे लिहिलं आहे. निवृत्त आयएएस अधिकाऱ्याच्या कागदाशेजारी शिरस्तेदाराचा कागद ठेवला की समितीची नजर कुठे जाईल, हे सांगायला नको. मला हे मनापासून खटकतं. सामान्य माणसाची सरकारशी गाठ पडते ती चावडीत. राज्यशास्त्राच्या वर्गाला सर्वांत जास्त अनोळखी असते तीच जागा. मी लोकप्रशासन शिकले त्या दोन वर्षांत एकही फेरफार नोंद, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद, कुणी समोर ठेवली नाही. पुढे घरच्या वाटणीची वेळ आली तेव्हा आमचाच उतारा एका तलाठ्याने मला शेजारी बसवून वाचून दाखवला.

बाबांकडे काय आहे ते बघ. आपल्या भागात एकाच सर्व्हे नंबरच्या मागे मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदाही असतो आणि कर्नाटकाचा १९६१ चा भूसुधारणा कायदाही. १९५६ मध्ये आपला भाग मुंबई राज्यातून कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला, म्हणून त्यापूर्वीचं दप्तर मराठीत, त्याच्या मागचं मोडीत, पुढचं कन्नडमध्ये. १ मार्च १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांनी जमिनीच्या हक्कासाठी भरलेले सात नंबरचे फॉर्म आणि त्यावरचे भू-न्यायमंडळाचे निकाल आजही वारसांच्या भांडणात बाहेर निघतात. हे गुंते ज्याने टेबलावर सोडवले तो माणूस बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या प्राध्यापकाला जे शिकवता येणार नाही ते शिकवू शकतो.

‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या योजनेचंच घे. २००० च्या सुमाराला कर्नाटकाने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले, पुढे हाताने लिहिलेला उतारा बंदच केला. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. या योजनेवर देशाबाहेरही पुष्कळ लिहिलं गेलं, पण मी वाचलं त्यातलं बहुतेक वरून पाहिलेलं. बाबा तेव्हा तलाठी होते. पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या हातात असलेलं दप्तर त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. नोंदी भरताना कुठल्या चुका संगणकात तशाच शिरल्या, कोणाचं नाव गळलं, ते दुरुस्त करायला लोकांना किती हेलपाटे पडले, हे तेच सांगू शकतील.

आणि ऑगस्ट २०१९. मलप्रभेचं पाणी खानापुरात शिरलं, तेव्हा पंचनाम्याला बाबा गेलेच असतील. पडलेल्या घरांचे ए, बी, सी असे वर्ग, पूर्ण पडलेल्याला ५ लाख. एक भिंत उभी, दुसरी तडकलेली, मालक समोर हात जोडून उभा. घर कोणत्या वर्गात टाकायचं? या एका प्रश्नावर दोन तास वर्ग चालेल. अधिकाऱ्याचा विवेक, कायद्याची मोजपट्टी, गावातला दबाव, सगळं त्यात येतं.

मात्र अनुभव असला म्हणजे शिकवता येतंच, असं नाही. निवृत्त मंडळींची व्याख्यानं मी बरीच ऐकली आहेत. ‘आमच्या वेळी’पासून सुरू होतात आणि साहेबांच्या आठवणींत संपतात. मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बाबांनी आत्तापासून दहा प्रकरणं लिहून काढावीत, माणसांची आणि गावांची नावं पूर्ण बदलून. प्रत्येकात अर्ज काय होता, कागद कोणते होते, कायदा काय म्हणत होता, निर्णय घेताना कुठे अडलं, एवढंच. निकाल शेवटी वेगळ्या पानावर. आधी मुलांनी स्वतः निर्णय घ्यायचा. कचेरीतले मूळ कागद किंवा त्यांच्या झेरॉक्स घरी आणायच्या नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मराठी माध्यमाची काळजी सोडून द्या. तेहतीस वर्षं ज्याने कन्नडमध्ये टिपणी लिहिली त्याला वर्गात कन्नड बोलायला अडचण नाही, आणि आपल्या भागातलं मूल अडलं तर मराठीत समजावणारा शिक्षक मिळाला, हा त्या वर्गाचा फायदाच आहे. बायोडेटात हे ठळक लिहा. मोडी वाचता येत असेल तर तेही.

राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे नाव जरूर पाठवा, पण तेवढ्यावरच विसंबून राहू नका. माझ्या मते बाबांसाठी अधिक जवळची दारं दोन. एक लॉ कॉलेज: कोर्टात काम करणाऱ्या वकिलांनी शिकवायला येणं तिथे जुनंच आहे. १९३५ साली मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले तेव्हा डॉ. आंबेडकर नामांकित बॅरिस्टर होते. जमिनीच्या कायद्याचा विषय तिथे असतोच. दुसरं, जिल्हा प्रशिक्षण संस्था आणि म्हैसूरची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायला अनुभवी माणसं लागतात. निवृत्तीआधी मानधन घेऊन शिकवायचं असेल तर खात्याची लेखी परवानगी घ्या.

आता तुझं. जागा जाण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण वर्षानुवर्षं गेस्ट लेक्चरर म्हणून राबणारी मुलं माझ्याकडे येतात. नियम असा आहे की या नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त असू नयेत आणि त्या मंजूर पदांच्या बाहेरच्या असाव्यात. नियमित भरतीवर त्यांचा परिणाम होता कामा नये. नियम पाळला जातो का, याकडे तुम्ही विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवायला हवं. भरती रखडवून त्या जागी अशी तात्पुरती माणसं बसवली तर मी विरोधच करीन, बाबांसारखा चांगला माणूस असला तरी.

आधी नोकरी करून मग शिकवण्याचा बेत आखू नकोस. पंधरा वर्षं थांबून जास्तीत जास्त चार वर्षं मिळणार असतील तर त्याला करिअर म्हणता येत नाही. प्रशासनाची ओढ असेल तर केपीएससीची (कर्नाटक लोकसेवा आयोगाची) तयारी त्या ओढीसाठी कर. शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. आपल्याकडची मुलं एका गोष्टीत हमखास फसतात: केसेट, म्हणजे कर्नाटकाची सेट, कर्नाटकातच चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यातच. बेळगावात केसेट झालेली मुलगी तेवढ्यावर चंदगड किंवा कोल्हापूरच्या कॉलेजात अर्ज करू शकत नाही. नेट दोन्हीकडे चालते. म्हणून आधी नेट. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाचा खर्चही सुटेल.

संशोधनाला विषय तुझ्या घरातच बसलाय. या रविवारी बाबांबरोबर पुराच्या पंचनाम्याचं प्रकरण लिहायला घे. त्यांनी सांगायचं, तू लिहायचं आणि कळलं नाही तिथे अडवायचं. तुला जिथे कळणार नाही तिथे त्यांच्या विद्यार्थ्यालाही कळणार नाही. पहिलं प्रकरण आणि अर्जासोबतचं टिपण झालं की मला पाठव. काटछाट मी करून देते.