वाचकांचे प्रश्न: थर्मोस्टॅट स्मार्ट, तरी बिल जास्त का?

प्रश्न: घर हीट पंपावर, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्रावर, तापतं. स्मार्ट थर्मोस्टॅट बसवून रात्रीचं तापमान 21 वरून 16 अंशांवर आणलं, तर बिल वाढलं. असं कसं?

उत्तर: गडबड बहुधा पहाटे होते. 16 वरून झटपट 21 वर जायचं तर पंप एकटा पुरा पडत नाही आणि जोडीची विजेची कॉइल सुरू होते. कॉइल एक युनिट विजेत एक युनिटच उष्णता देते. पंप तेवढ्याच विजेत साधारण दोन-तीन युनिट देतो. रात्रभर वाचवलेलं सकाळी तिथे जातं. म्हणून तापमान रात्री एक-दोन अंशच उतरवा. शिवाय सेटिंगमध्ये, बाहेर किती थंडी असल्यावर पूरक हीटर, म्हणजे हीच कॉइल, चालू व्हावा, हा आकडा असतो. तो बरेचदा गरजेपेक्षा वर ठेवलेला असतो. इन्स्टॉलरकडून तपासून घ्या.

घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला ही अडचण नाही. तिथे रोज आठ तास 4 ते 5.5 अंश कमी ठेवले, तर वर्षाच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असा अमेरिकी ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. आणि 21 हवं असताना 28 लावून साध्या भट्टीचं घर लवकर तापत नाही, फक्त नको तितकं तापतं.

प्रश्न: थर्मोस्टॅटची बॅटरी सारखी उतरते, भट्टीचा रिले (ती चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टकटक करतो.

उत्तर: 'सी' वायर, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज पुरवणारी 'कॉमन' वायर, जोडलेली नसावी. ती नसली की थर्मोस्टॅट हीटिंगच्या वायरीतूनच थोडी थोडी वीज ओढतो आणि रिले फसतो. भट्टीचा मेन स्विच बंद करा, जुन्या जोडणीचा फोटो काढा, मग भिंतीतली केबल थोडी बाहेर ओढून पाहा. न वापरलेली वायर तिथे बरेचदा मुडपून ठेवलेली असते, निळी असली तरी रंगावर भरवसा नको. तीच वायर दोन्ही टोकांना, म्हणजे भट्टीच्या बोर्डावर आणि थर्मोस्टॅटवर, 'सी'ला जोडा. जास्तीची वायर नसेल, तर थर्मोस्टॅटच्या कंपनीचा पॉवर अडॅप्टर लागेल.

मात्र थर्मोस्टॅटमागच्या भिंतीतल्या डबीतून दोनच जाड वायरी निघाल्या, तर तिथेच थांबा: तो 120 किंवा 240 व्होल्टचा हीटर असू शकतो. 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट त्यावर लावला तर जळेल, आगही लागू शकते.

प्रश्न: खोली गार, पण थर्मोस्टॅट 22 दाखवतो?

उत्तर: थर्मोस्टॅटवर ऊन किंवा दिव्याची उष्णता येत असेल, नाहीतर मागून गरम पाण्याचा पाइप जात असेल. तो घराच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटरवर हलवा. मागचं वायरीचं भोक पुट्टीने बुजवा; तिथून भिंतीतली हवा थेट सेन्सरवर येते.